तीन पायांची पाठवणी

आमच्या छताखालून परदेशी जाणारा पहिला जीव कुत्री असेल, असं मला कुणी आधी सांगितलं असतं, तर मी त्याला चहा पाजला असता आणि रिक्षात बसवून त्याच्या घरी पाठवून दिलं असतं. मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. कुठला नट कुठल्या कप्प्यात आहे ते मला झोपेतून उठवून विचारा, सांगेन. घरात काय चाललंय ते मात्र मला नेहमी सगळ्यांत शेवटी कळतं. त्यामुळं धक्का बसणं हा घरातला माझा कायमचा हुद्दा आहे.

पहिला धक्का मुलीनं टॉवेलात गुंडाळून आणला. माझी मुलगी नोकरी करून उरलेल्या वेळात मैत्रिणींबरोबर रस्त्यावरची जखमी कुत्री उचलते, त्यांचे उपचार करते आणि त्यांना घरं शोधून देते. तोवर घरी फक्त तिच्या कपड्यांना लागलेला औषधाचा वास यायचा. त्या संध्याकाळी कुत्रीच आली. पैठण रोडवर चितेगावच्या पुढं तिला कुठल्याशा गाडीनं उडवलं होतं. मागचा एक पाय काढावा लागला होता. टॉवेलातून नुसते डोळे आणि एक उभा कान दिसत होता.

"दोनच दिवस, बाबा. शेल्टरमध्ये जागा नाही."

"दोनच दिवस म्हणून तुझा आजा या शहरात आलता," पलंगावरून माझी आई म्हणाली. "गेला का परत?"

आईला दमा आहे. तिच्या डॉक्टरांना कुत्रीचं कळलं तेव्हा त्यांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. म्हणाले, केसांचं जनावर आणि तुमच्या आई एका घरात राहू शकत नाहीत. मग हलवायचं कुणाला, असं मी विचारणार होतो, पण पत्नीनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. तेव्हा कुत्रीला घर शोधायचं, आणि लवकर शोधायचं, हे ठरलं. घर मिळेना तर मुलीच्या डोळ्यांदेखत तिला परत रस्त्यावर सोडावं लागणार होतं. तीन पायांचं जनावर पैठण रोडवर किती टिकेल, हे कुणी बोललं नाही.

मला वाटलं, एवढं मोठं शहर, एका कुत्रीला जागा मिळायला किती वेळ लागतो!

पहिला फोन आला तो विचारत होता, लॅब्रॅडॉर आहे का. दुसऱ्यानं विचारलं, नर आहे ना? मादी नको, कटकट असते. माझा एक सहकारी मात्र सहकुटुंब बघायला आला. सगळे इस्त्रीचे कपडे घालून. वहिनींच्या हातात पेढ्यांचा पुडा. सोफ्यावर ओळीनं बसले, पत्नीनं पोहे दिले आणि मुलगी कुत्रीला आतून घेऊन आली. मग वहिनी म्हणाल्या, "जरा चालवून दाखवता का?"

मी पोह्यांची प्लेट हातात धरून तसाच राहिलो. मुलीनं चालवून दाखवली.

"फोटोत उजळ वाटली होती," वहिनी म्हणाल्या. "आणि पायाचं... तुम्ही म्हणाला होतात खरं, पण इतका नसेल असं वाटलं होतं."

पाय इतका नसणं म्हणजे कितका असणं, ते मला अजून समजलेलं नाही. जाताना सहकारी म्हणाला, "कळवतो."

"मला बी बघायला आले तवा असंच चालवून बघितलं व्हतं," ते गेल्यावर आई म्हणाली. "पण मला दोन्ही पाय व्हते, म्हणून जमलं."

मग एक शेतकरी आले, शेतावरच्या राखणीला कुत्रं हवं म्हणून. त्यांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली. "ही तीन पायांवर चोराच्या मागं धावंल व्हय?"

"धावणार नाही, पण भुंकेल," मुलगी म्हणाली.

"भुंकायला आमचे भाऊबंद हायेत की," ते म्हणाले, आणि चहा पिऊन गेले.

असे बरेच आले. सगळे भले लोक होते, हेच मला जास्त लागलं. एकजण जरी वाईट वागला असता, तरी मला त्याच्यावर चिडता आलं असतं. सगळ्यांनी तिला प्रेमानं कुरवाळलं, 'बिचारी' म्हटलं आणि चपला घातल्या.

एक दिवस मी कामावरून आलो तर मुलगी दारातच. "बाबा, तिला घर मिळालं!"

"कुठं? सिडकोत की गारखेड्यात?"

"नेदरलँड्समध्ये."

मी चपला काढायला विसरलो आणि तसाच देवघरापर्यंत गेलो. आईनं हाकललं तेव्हा भानावर आलो. मुलीच्या गटानं कुत्रीचे फोटो बाहेरच्या कुठल्याशा गटाला पाठवले होते आणि तिथल्या एका म्हाताऱ्या जोडप्यानं तिला मागितलं होतं. त्यांची आधीची कुत्रीही तीन पायांचीच होती, ती म्हातारी होऊन गेली. म्हणजे आमच्याकडं ज्या पायासाठी पेढे परत गेले, त्याच पायासाठी तिकडं मागणी. मला हे पचतच नव्हतं.

मग त्यांचा व्हिडिओ कॉल आला. मला वाटलं, आपण त्यांची चौकशी करायची. झालं उलटंच. त्या बाईंनी माझी परीक्षा घेतली. कुत्रीला जिन्याची भीती वाटते का? विजा कडाडल्या तर ती कुठं लपते? पुरुषांशी तिचं कसं जमतं? मुलगी मराठीत सांगत होती आणि मी घामाघूम होत होतो. विजांना माझी स्वतःची मुलगी घाबरते का, हे सुद्धा मला सांगता आलं नसतं. शेवटी मी म्हणालो, सगळं चांगलं आहे. मुलीनं त्याचं इंग्रजीत बरंच लांब काहीतरी करून सांगितलं.

मग त्या बाईंनी फोन फिरवून आपली खोली दाखवली. सगळीकडं गालिचे. तीन पायांवर तिला गुळगुळीत फरशीवर घसरायला होईल, म्हणून त्यांनी ते आधीच आणून टाकले होते. कुत्री अजून आमच्या पलंगाखाली आणि गालिचे तिकडं अंथरून तयार! आमच्या हॉलमध्ये हौसेनं बसवलेली चकचकीत टाइल आहे. कुत्री रोज तिच्यावर घसरायची आणि आम्हाला वाटायचं, तिची चालच तशी आहे.

दुसऱ्या दिवशी कामावरून आलो तर पलंगापासून दारापर्यंत आईची जुनी लुगडी अंथरलेली. कुणी अंथरली, हे आईनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. फक्त त्यांत पाय अडकून मी पडलो. कुत्री व्यवस्थित चालत होती.

परदेशी जायला माणसापेक्षा कुत्र्याला जास्त नियम असतात, हे मला तेव्हा समजलं. तिच्या कातडीखाली चिप बसवली. पिसाळण्याची लस दिली. मग रक्त काढून तपासायला परदेशातल्या प्रयोगशाळेत पाठवलं. म्हणजे मी अजून अजिंठ्याच्या पलीकडं फारसा गेलेलो नाही आणि आमच्या घरातलं रक्त विमानानं जाऊन तपासून आलं. अहवाल उत्तम आला. तरी नियम असा की रक्त काढल्यापासून तीन महिने थांबायचं.

तीन महिने कुत्री आणि आईचा दमा एका घरात राहिले. आईचा पलंग खिडकीपाशी नेला, कुत्रीचं अंथरूण मागच्या दाराशी नेलं. दुपारी आम्ही कुणी नसताना दोघी मधे कुठंतरी भेटायच्या, हे पलंगावरच्या केसांवरून दिसायचं. त्याच दिवसांत आई गोधडी शिवत होती. गंगापूरला दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीची लेक नेदरलँड्समध्येच असते आणि तिला दिवस गेले होते. बाळ जन्मलं की त्याला पहिल्यांदा पणजीच्या लुगड्याच्या गोधडीत गुंडाळायचं, ही आमच्याकडची रीत. आई जमिनीवर लुगडं पसरून धावदोरा घालायची आणि कुत्री बरोबर त्याच्या मधोमध येऊन बसायची.

"ऊठ गं, बाळाची हाय ती," आई म्हणायची आणि तिच्याभोवतीनं टाके घालत राहायची.

एकदा मी अवेळी घरी आलो. आई न्हाणीघरात, पदराचा बोळा तोंडात धरून खोकत होती. मला बघून तिनं बोळा काढला. "पोरीला सांगू नको. तिनं ऐकलं तर ती कुत्रीला आजच काढंल. तीन महिने भरू दे." डोळे पाण्यानं भरलेले, श्वास शिट्टीसारखा. मी हातात डबा घेऊन उभाच. मला तर वाटत होतं, दम्याच्या पंपानं बरं पडलंय. म्हणजे आता घाई दोघींसाठी होती.

आणि इथं नवीनच अडचण निघाली. कुत्रीला विमानात एकटं जाता येणार नव्हतं. कुणीतरी प्रवासी लागतो, त्याच्याबरोबर ती पेटीत बसून जाते. तिकडं लवकर जाणारं आमच्या ओळखीत एकच माणूस होतं. गंगापूरची ताई. लेकीच्या बाळंतपणाला दाजींना घेऊन चालली होती.

माझी ताई म्हणजे उसाच्या ट्रॅक्टरला हात करून थांबवणारी बाई. मी तिला फोन केला.

"मी बाळंतपणाला चाललेय का कुत्र्याच्या वरातीला?" ती म्हणाली. "पहिल्यांदा विमानात बसायचंय मला. माझाच जीव वर-खाली हुतोय, त्यात तुझं हे झेंगट. नाय म्हणजे नाय."

नंतर ती आईला भेटायला आली. हॉलमध्ये कुत्रीची प्रवासाची पेटी ठेवलेली होती, सवय व्हावी म्हणून. ताईनं पेटीभोवती चक्कर मारली. वाकून आत बघितलं. आत हात घालून लांबी बघितली.

"एवढीशी कुत्री अन् पेटी केवढी!"

"तिला आत उभं राहून वळता आलं पाहिजे, आत्या. नियम आहे."

"अन् हिचं वजन आमच्या सामानात धरत्यात का?"

"नाही, तिचं वेगळं असतं."

ताई बराच वेळ पेटीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "बरं. नेते."

मुलीनं तिला मिठीच मारली. मी आणि पत्नी एकमेकांकडं बघत राहिलो. ताईनं पहिल्यांदा नाही म्हटलेलं नंतर हो झालं, असं मी पन्नाशी ओलांडली तरी पाहिलं नव्हतं.

निघायच्या दिवशी आईनं कुत्रीच्या कपाळाला बोटभर कुंकू लावलं आणि जिभेवर दही ठेवलं. गोधडी घडी करून ताईकडं दिली. कुत्रीला काही बोलली नाही. आम्ही समृद्धीवरून मुंबईकडं निघालो. गाडीत ताई, दाजी, मुलगी, मी आणि मागं पेटी. रात्री ठाण्याला पत्नीच्या चुलतभावाकडं मुक्काम केला. सकाळी सरकारी पशुवैद्यकांनी कुत्रीला तपासून दाखला दिला. कुंकू बघून ते नुसते हसले.

दुपारी विमानतळाकडं निघताना ताई म्हणाली, "पेटी आज मी लावते. तुम्ही व्हा बाहेर." दार ओढून घेऊन ती आत बराच वेळ होती. दार उघडलं तेव्हा पेटीत नीट, जाडजूड अंथरूण आणि त्यावर चक्क बाळाची गोधडी. मी बाजूला जाऊन पत्नीला फोन केला आणि म्हणालो, माणूस बदलतं बरं का, कुठल्याही वयात बदलतं. कुत्री पेटीत शिरली, गोधडीत नाक खुपसून हुंगत राहिली. मला वाटलं, आईचा वास शोधतेय.

कुत्रीच्या कामापुरता पास काढून मुलगी आणि मी विमानतळाच्या आत गेलो. तिथं सांगितलं, कुत्रीला बाहेर काढा, पेटी मशिनमधून जाईल. मुलीनं पट्टा धरला. पेटी सरकत आत गेली आणि मशिनचा सरकता पट्टाच थांबला. पडद्यापुढचा जवान पुढं झुकला. त्यानं दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. मी मान लांब करून बघितलं. पडद्यावर पेटीच्या तळाशी गोल, एकसारखे, भरीव गोळे. ओळीनं. एका ओळीखाली दुसरी ओळ.

चिकलठाण्याच्या स्टोअरकीपरला पोलीस कोणत्या कलमाखाली नेतात, याचा मी विचार करू लागलो.

"ये क्या है?" जवानानं विचारलं.

"लड्डू है," ताई पुढं होऊन म्हणाली. "डिंक के. बाळंतीण के वास्ते. डिलिव्हरी है ना."

जवानानं कुत्रीकडं बघितलं. कुत्रीनं शेपटी हलवली.

"इसकी?"

"इसकी काय को हुंगी! मेरे लडकी की!"

अंथरूण उचललं. खाली पिशव्यांवर पिशव्या. खारीक, खोबरं, गोडंबी घालून वळलेले, मुठीएवढे डिंकाचे लाडू. त्यांच्याखाली बाळंतशोपा, ओवा, हळिवाच्या पुड्या. ताईनं बॅगा वजनात बसेनात म्हणून सगळा बाळंतविडा कुत्रीखाली अंथरला होता. माणूस बदलतं म्हणून मी पत्नीला केलेला फोन मला आठवला.

"अगं ताई!"

"काय ताई? वजन धरत नाय म्हणली ना तुझी पोरगी? अर्धी पेटी मोकळीच जाणार व्हती." मग ती जवानाकडं वळली. "खाके देखो. मेथी कम डाली है." जवान दोन पावलं मागं सरकला.

दाजी मान खाली घालून बुटांकडं बघत होते. त्यांना सगळं माहीत होतं.

विमान कंपनीची एक तरुण अधिकारी आली. शांतपणे म्हणाली, प्राण्याच्या पेटीत असलं काही चालत नाही, सगळं काढा, पेटी परत तपासू. आणि लवकर, काउंटर बंद होतंय. लाडू निघाले. अंथरूण, गोधडी झटकून बाजूला ठेवली. पेटी पुन्हा मशिनमधून गेली, आता रिकामी. तिच्यात कंपनीनं दिलेला पांढरा कागदी पॅड टाकला. मुलीनं कुत्रीला आत घालायला पट्टा ओढला.

कुत्रीनं तिन्ही पाय फरशीवर रोवले.

आधी प्रेमानं, मग बिस्किटानं, मग मुलगी स्वतः अर्धी पेटीत शिरून. काही नाही. फरशी गुळगुळीत, पाय तीन दिशांना घसरतायत, अंग थरथरतंय, पण कुत्री आत जाईना. उचलून ठेवली तर मुसंडी मारून बाहेर. तिला कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. तिथं ती ओरडली. लोक थांबून बघू लागले.

"प्राणी एवढा अस्वस्थ असेल तर आम्ही त्याला घेऊ शकत नाही," अधिकारी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. घड्याळ तेवढं ती बघत होती.

मुलगी जमिनीवर बसली. तिच्या तोंडाकडं बघवेना. माझ्या डोळ्यांपुढं आई, तिच्या तोंडातला पदराचा बोळा आणि परत तीनशे-चारशे किलोमीटर गाडीत ही पेटी. पुढं कोण नेणार, कधी नेणार? मी नुसता उभा. मी अशा वेळी नेहमी नुसता उभा असतो.

ताईच्या एका हातात लाडवांची पिशवी होती. तिनं ती दाजींच्या छातीवर ढकलली. बाजूला पडलेली गोधडी उचलली, पेटीपुढं गुडघ्यावर बसली आणि आतून कोपऱ्यापर्यंत अंथरली. हातानं दाबून सारखी केली.

"आत्या, ती बाळाची आहे," मुलगी म्हणाली.

"माहीत हाय मला," ताई म्हणाली. ती कुत्रीकडं बघत होती. "चल गं. आईनं शिवलीय. हुंग."

कुत्रीनं मान लांब करून हुंगलं. एक पाय आत टाकला. मग दुसरा. आत जाऊन स्वतःभोवती फिरली आणि धावदोऱ्यावर हनुवटी टेकून बसली. कपाळावर कुंकवाचा डाग अजून होता.

ताई उठली, गुडघे झटकले आणि माझ्याकडं वळली. "बघतो काय नुसता? लाडू घे. घरी नेऊन खा. एकेकाच्या घशात अडकू दे."

पेटी आतल्या दारातून गेली. मुलगी त्या दाराकडं बघत राहिली आणि मी ताईकडं. ट्रॅक्टर थांबवणाऱ्या माझ्या बहिणीनं चष्मा काढून पदरानं पुसला आणि दाजींवर ओरडत निघून गेली.

परतीच्या वाटेवर इगतपुरी मागं पडल्यावर मुलीनं पिशवीत हात घातला आणि लाडू खाल्ला. मग मीही खाल्ला. लाडू उत्तम झाले होते, आणि मेथी खरंच कमी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईचा फोन आला. आई पलंगावर, मुलगी तिच्या पायाशी, पत्नी स्वयंपाकघराच्या दारात. मी फोनचा आवाज मोठा केला.

"पोचलो. तुझी कुत्री बी पोचली, ठणठणीत," ताई म्हणाली. "आमच्या बॅगा नाय आल्या."

"म्हणजे?"

"म्हणजे नाय आल्या! कुठं गेल्या त्यांनाच ठाऊक नाय. झबली गेली, टोपडी गेली, माझी लुगडी गेली, ह्यांचं स्वेटर गेलं. थंडीनं कुडकुडतायत हे. कुत्री तेवढी वेळेवर आली."

मी फोन आईच्या जवळ नेला.

"अन् ती बाई आलती न्यायला, नवऱ्याला घेऊन. मला मिठी मारली रे तिनं! ह्यांच्या देखत. रडायला लागली. मग मी बी रडले. ती कुत्रीसाठी अन् मी बॅगांसाठी. दोघी रडतोय अन् हे दोघं बाप्ये एकमेकाकडं बघून हसतायत."

"अन् गोधडी?" आईनं पलंगावरून विचारलं.

"ती बाई बाळासाठी परत देत व्हती, आई. पण कुत्री उठंना तिच्यावरनं. मी म्हणलं, राहू दे."

"बरं केलं," आई म्हणाली. "दुसरी शिवते. माळ्यावर हिरवं लुगडं हाय."

"आई, एक सांगू?" ताईचा आवाज एकदम चढला. "तुझ्या लेकाला सांग, लाडू कुत्रीखालीच राहू दिले असते ना, तर आज पोचले असते!"

आधी पत्नी हसली, मग मुलगी. मग आई. आई हसता हसता खोकायला लागली. मुलगी पाणी आणायला धावली. आई हातानंच तिला राहू दे म्हणाली, आणि पदर मांडीवर तसाच ठेवून, मोकळ्या तोंडानं, आमच्या सगळ्यांसमोर खोकत राहिली.